कारभारी नानांचा पहिला ‘मंजूर’

कारभारी नाना मला आधी ऐकू आले आणि मग दिसले. केडगावच्या आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरली होती. मांडववाल्याकडून आणलेल्या खुर्च्या, एक कुरकुरणारा माईक आणि ‘सभा लवकर आटपा, मॅच आहे’ अशा चेहऱ्याचे सभासद. सेक्रेटरी मी होते. आमच्याकडे सेक्रेटरी व्हायला एकच पात्रता लागते, ती म्हणजे निवडीच्या दिवशी गैरहजर असणं. मी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली, “विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त...”

“मंजूर!”

शेवटच्या रांगेतून असा काही आवाज उठला की पाइपावर बसलेली कबुतरं उडून गेली. मी मान वर केली. पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि टोपीखाली मिरचीसारखा लाल झालेला एक आनंदी चेहरा. शेजारच्या चौघापाच जणांनी काय झालं ते न कळून “मंजूर, मंजूर” म्हटलं. मी विषय क्रमांक दोनचा ‘वि’ उच्चारला, तर पुन्हा “मंजूर!” या वेळी निम्मी सभा त्यांच्या मागून ओरडली. तिसऱ्या विषयाला तर लोकांना चटकच लागली. चहा निवायच्या आत आमची आख्खी विषयपत्रिका मंजूर झाली आणि सगळे मॅच बघायला पळाले. चेअरमन भंडारे साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. ते मला म्हणाले, “मॅडम, इतकी शिस्तबद्ध सभा मी उभ्या जन्मात पाहिली नाही.”

नाना शेवगावकडचे. मुलगा संतोष एमआयडीसीत नोकरीला, त्यानं सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि सभेच्या दोनच दिवस आधी आईवडलांना घेऊन आला. कारभारी हे नानांचं नाव होतं, हुद्दा नव्हे, पण हे त्यांना कधी कुणी सांगितलं नसावं. ‘सोसायटी’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गावची सोसायटी यायची, तिच्या मागे साखर कारखाना, आणि कारखान्याची ती मैदानात भरणारी सभा. त्या सभेत नानांचं काम ठरलेलं होतं. ते कधी संचालक झाले नाहीत, कधी उभेही राहिले नाहीत. ते फक्त पहिला ‘मंजूर’ म्हणायचे.

“मॅडम, दुसरा मंजूर कुनीबी म्हनतंय,” ते मला समजावून सांगायचे. “पहिला म्हनायला छाती लागती. विषय वाचनाऱ्याचं त्वांड उघडलं की आपलं निम्मं झालेलं पायजे. मदी फट ऱ्हायली की त्यात कुनीतरी परश्न घालतो.”

“पण नाना, विषय काय आहे ते कळायला नको का?”

“ते चेरमनला कळतंय की. आपन घसा सांभाळायचा.”

घसा ते खरंच सांभाळायचे. शर्टाच्या खिशात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची काडी कायम. सभेच्या दिवशी त्यांना न्यायला कारखान्याची जीप यायची, हे सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. एका वर्षी ऐन सभेला घसा बसला. पहिला विषय वाचून झाला आणि मैदानात शांतता! तेवढ्यात कुणीतरी प्रश्न विचारायला उभं राहिलं. चेरमनला दरदरून घाम फुटला. तेव्हा नानांनी समोरचा पाण्याचा तांब्या उचलून टेबलावर असा आदळला की लोकांना वाटलं मंजूरच झालं, आणि झालंही. तो चेपलेला तांब्या पुढे चेरमननी मागून घेतला म्हणे. यातलं खरं किती आणि खडीसाखर किती, हे मी कधी विचारलं नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नानांनी सोसायटीचा ‘पाहणी दौरा’ काढला. सेक्रेटरी म्हणून मला बरोबर घेतलं. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात आमच्या सोयीसुविधांची अशी काही वर्णनं होती की आपण केडगावात राहतो की स्वित्झर्लंडात, असा प्रश्न पडावा. नाना पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवे बसले, पाण्यात बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, “शेततळं हाय. पन मासं न्हाईत, मोटर न्हाई, खाली रान न्हाई. मंग हे पानी भिजवतंय काय?”

“माणसं,” मी म्हटलं.

“मानसं भिजून उगवत्यात व्हय?”

जिममध्ये एक तरुण पळायच्या मशिनवर घाम गाळत होता. नाना बराच वेळ त्या सरकत्या पट्ट्याकडे पाहत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “ही तर गव्हान झाली. कारखान्यात उसाची मोळी टाकल्याव अशीच पुढं सरकती. पन हितं मानूस टाकलाय आन त्यो पुढं जाईनाच. रस निघतोय तेवढा खरा.”

मेंटेनन्सला ते ‘कपात’ म्हणायचे. कारखान्यात उसाच्या बिलातून कपात होते, हे त्यांना मान्य होतं. इथली कपात मात्र त्यांच्या डोक्यात शिरेना. “दर म्हैन्याला कपात करताय, ते ठीक हाय. पन बिल कवा निघायचं?” आणि एकदा फारच खाजगी आवाजात, “मॅडम, दिवाळीला सभासदाला साखर किती देनार?” मी म्हटलं, “नाना, इथं साखर नाही मिळत.” तर ते भंडारे साहेबांच्या खिडकीकडे बघत कीव आल्यासारखे म्हणाले, “नवा चेरमन दिसतोय.”

संतोषनं त्यांना मोबाइल शिकवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर घातलं, ही त्याची मोठी चूक. नानांना टाइप करता येत नव्हतं, पण बोलून पाठवायचं बटण सापडलं होतं. उद्या पाणी एक तास उशिरा येईल, नानांचा ‘मंजूर!’ लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील, ‘मंजूर!’ बी विंगमधल्या कुणाच्या तरी काकांचं निधन झालं, त्याच्याखालीही खणखणीत ‘मंजूर!’ त्या घरातल्या लोकांनी ते ऐकलं आणि सुतकात हसू आवरेना म्हणून दार लावून घेतलं, असं मागाहून कळलं.

आता त्या सभेचं पुढचं ऐका. जी विषयपत्रिका आम्ही चहा निवायच्या आत संपवली होती, तिच्यात सहावा विषय होता, ‘सोबत जोडलेली नियमावली’. ती सोबत कुणाच्याच नव्हती. भंडारे साहेबांचे जावई पुण्यात एका मोठ्या संकुलात राहतात. तिथली नियमावली साहेबांनी मागवून घेतली आणि वरचं नाव बदलून जशीच्या तशी आमची केली. ती छापून नोटीस बोर्डावर लागली तेव्हा आम्हाला कळलं की आपल्या सोसायटीत स्क्वॉश कोर्टावर काळ्या तळव्याचे बूट घालून जायला बंदी आहे आणि मिनी थिएटरमध्ये खाद्यपदार्थ नेता येणार नाहीत. आमच्याकडे स्क्वॉश कोर्ट नव्हतं आणि मिनी थिएटर म्हणजे संध्याकाळी गॅलऱ्यांमधून ऐकू येणारी भांडणं.

नाना बोर्डापुढे उभे राहून म्हणाले, “कोर्ट? नगरला हाय की एवढं मोठं. हितं कशाला?” मी खेळाचं मैदान असतं ते, असं सांगितलं. “मंग ठराव झालाय तर कोर्ट बी आलं पायजे,” ते म्हणाले. आम्ही दोघंही खूप हसलो. त्याच्या खालचा नियम तोवर कुणी वाचला नव्हता. लॉबी, जिन्याच्या पायऱ्या व प्रवेशद्वाराजवळ रहिवाशांनी बसू नये, बसल्यास दंड आकारण्यात येईल.

नानांची बायको गयाबाई. अंगानं किरकोळ, बोलायला मोजकी, पण बोलली की समोरच्यानं हातातलं काम थांबवून ऐकावं. या सगळ्या सोयीसुविधांमधून त्यांनी स्वतःपुरती एकच निवडली होती, लिफ्टसमोरच्या तीन पायऱ्या. दुपारचं जेवण उरकलं की मेथीची जुडी नाहीतर शेंगा घेऊन त्या तिथं येऊन बसायच्या. हळूहळू आणखी तीनचार जणी यायला लागल्या. त्यांत खुद्द भंडारे वहिनीही असायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी व्हायची, पोराबाळांच्या हातावर शेंगा पडायच्या. मी कामावरून येताना तिथं दोन मिनिटं टेकल्याशिवाय वर जात नसे.

नियमावली लागल्यावर वॉचमन बिचारा हात जोडून आला आणि म्हणाला, “आज्जी, हितं बसायचं न्हाई आता. ठराव झालाय.”

“कुनी केला?” गयाबाईंनी विचारलं.

वॉचमन सरळ माणूस. तो म्हणाला, “पयला मंजूर नानांनीच म्हनला की.”

गयाबाईंनी मेथी पदरात गोळा केली आणि वर गेल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

हा अबोला मी डोळ्यांनी पाहिला आहे, कारण नाना मला साक्षीला म्हणून घरी घेऊन गेले. संतोष घरी असला की निरोप त्याच्यामार्फत जायचा, “तुझ्या बापाला म्हनावं भाकरी निवती.” संतोष पाळीवर गेलेला असला की मिक्सरला सांगितलं जायचं, “कुनाला च्या पायजे असल तर वट्याव हाय.” नाना माझ्याकडे केविलवाणं बघून म्हणाले, “बगा. चाळीस वर्सं संसार केला आन आता मी घरात ‘कुनाला’ झालोय.” मला हसू फुटत होतं, पण गयाबाई गॅलरीत जाऊन खाली वाकून बघत उभ्या राहिल्या तेव्हा ते विरलं. गावाकडं यांच्या दारात दिवसभर माणसांचा राबता. इथं तीन पायऱ्या होत्या, त्याही गेल्या. कुणाशी तरी बोलल्याशिवाय ही बाई वाळून जाईल, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं.

“मॅडम, ठराव फिरवा,” नाना म्हणाले.

“तो सभेनं केलाय नाना, सभाच फिरवील. विशेष सभा बोलवायची तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात.”

“सह्या?” नानांच्या डोळ्यांत एकदम जीप आली. “चिन्ह काय घ्यायचं?”

चिन्ह नसतं, पॅनल नसतं, हे पटवायला मला अर्धा तास लागला. आणलेली गुलालाची पिशवी मी परत पाठवायला लावली. पण सह्यांसाठी नानांनी जी मोहीम काढली तिला तोड नव्हती. ते प्रत्येक दारात जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, “तुमच्या घरातली म्हातारी मानसं कुठं बसत्यात, तेवढं सांगा.” मग चहा व्हायचा आणि सही व्हायची. हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त सह्या घेऊन ते माझ्याकडे आले आणि छाती काढून म्हणाले, “आता सभेत आपला आवाज बगा.”

मला गप्प राहता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हे सांगणं भागच होतं. “नाना, तुम्हाला सभेत बोलता येणार नाही. तुम्ही सभासद नाही.”

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. “म्हंजे संतोष सभासद. घरातनं एक कुनीबी आलं की झालं.”

“संतोषही नाही. फ्लॅट गयाबाईंच्या नावावर आहे. बाईच्या नावानं घेतला की मुद्रांकात सूट मिळते, म्हणून संतोषनं तसं केलं. तुम्ही खरेदीखतावर साक्षीदार आहात नाना, तुमची सही आहे.”

नाना मटकन बसले. “मी वाचलं न्हवतं,” ते म्हणाले. “पोरानं कागद पुढं केला, मी म्हनलं मंजूर.”

एवढा उतरलेला माणूस मी पाहिला नव्हता. मग त्यांच्या लक्षात एक वकिली मुद्दा आला. “मी सभासदच न्हाई तर माजा मंजूर बी खोटा. ठराव आपोआप पडला!” मी म्हटलं, “तुमचा एक सोडून देऊ. पण तुमच्या मागून जे साठ-सत्तर लोक ओरडले ते सभासदच होते.” करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असा चेहरा करून ते खडीसाखर चघळत निघून गेले.

विशेष सभा त्याच पार्किंगमध्ये झाली. भंडारे साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं, “बिगर सभासदांनी कृपया बोलू नये.” नाना शेवटच्या खुर्चीवर उपरण्याचं टोक तोंडात कोंबून बसले होते. साहेबांनी नियमाची बाजू मांडली. लॉबी ही इमारतीचा चेहरा असते. पाहुणे येतात, फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येतात, त्यांना समोर मेथीच्या काड्या दिसल्या तर भाव पडतात. एकदोघांनी माना डोलावल्या. मी नियम रद्द करण्याचा ठराव वाचला आणि थांबले.

कुणीच काही बोलेना. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते सगळे मागे वळून नानांकडे बघत राहिले. त्यांना नानांच्या मागून ओरडायची सवय लागली होती, पुढून कसं ओरडतात हे माहीत नव्हतं. नानांचा चेहरा जांभळा झाला, खुर्ची कुरकुरली, पण माणसानं उपरणं सोडलं नाही. भंडारे साहेब म्हणाले, “तर मग ठराव नामंजूर समजायचा का?”

“ताई,” बायकांच्या बाजूनं आवाज आला. “मी सभासद हाय ना?”

गयाबाई उभ्या होत्या. मी होय म्हटलं. माईक देऊ केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

“सायेब, तुमच्या कागदात लई काय काय हाय. पवायचा हौद हाय, पळायची मशीन हाय. असू द्या, पोरंबाळं खेळू द्या. आमची कपात बी त्यातच जाती, जाऊ द्या. पन मी सहाव्या मजल्याव ऱ्हाते. गॅलरीतनं खाली बगितलं तर मला मानसांची टकुरी दिसत्यात, त्वांडं दिसत न्हाईत. पायरीव बसलं की त्वांडं दिसत्यात. मला तेवढंच पायजे. मेथीच्या काड्या आमी झाडून नेऊ.”

गयाबाई बसता बसता पुन्हा उभ्या राहिल्या. “आन आता वरडू नका कुनी. हात वर करा. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यानंच समदं वाटुळं झालं.”

पहिला हात भंडारे वहिनींचा; साहेबांचा दुसरा फ्लॅट त्यांच्या नावावर होता. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, हातातल्या बांगड्याही ओळखल्या आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मग हातांची दाटी झाली. मी मोजत मोजत शेवटच्या रांगेपर्यंत आले तर नानांचाही हात वर होता, सरळ, आभाळाला लावल्यासारखा. मी हळूच म्हटलं, “नाना, हा मोजता येत नाही.”

“मोजू नका,” तोंडातल्या उपरण्यातून आवाज आला. “पन वर ऱ्हाऊ द्या.”

ठराव पास झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाई मात्र नवऱ्यासमोरून अशा निघून गेल्या की तिथं रिकामी खुर्चीच असावी. नाना माझ्याजवळ येऊन पुटपुटले, “सभा जिंकली मॅडम. पन मी अजून ‘कुनाला’च हाय.”

त्यानंतर पंधरवड्यातच माझी संगमनेरला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरला गेला होता आणि मी किल्ली द्यायला खाली आले, त्या दुपारी मी नानांना शेवटचं पाहिलं. लिफ्टसमोरच्या पायऱ्यांवर बायकांची बैठक पुन्हा भरली होती. शेंगा सोलणं चाललं होतं. नाना एका पायरीच्या कडेला येऊन उभे राहिले, टोपी सारखी केली आणि बसू की नको अशा बेतानं हळूहळू वाकायला लागले.

गयाबाईंनी मान वर केली. “आवो, तुमचं काय काम हाय हितं? बायका बसल्यात दिसत न्हाई व्हय? जावा वर, आन दूध तापत ठिवलंय ते बगा. उतू गेलं तर बगा मंग!”

सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. नाना अर्धवट वाकलेले तसेच थबकले. मग ताठ झाले आणि एखाद्या नवऱ्या मुलासारखे धावत लिफ्टमध्ये शिरले. बटण दाबता दाबता त्यांना मी दिसले. दार मिटत होतं, त्या फटीतून तो लाल चेहरा बाहेर आला आणि ज्या घशासाठी कारखान्याची जीप यायची, त्या घशातून आवाज निघाला तो कसाबसा कुजबुजण्याएवढा.

“मॅडम, बोलली!”